तगर ते तेर

तुळजापूरला जाऊन आलेली माणसं आपल्या ओळखीत ढिगाने सापडतात. कुणाची कुलदेवी, कुणाचा नवस, कुणी लग्न झाल्यावर जोडीने जाऊन आलेलं. पण तिथून गाडीने तासाभरावर असलेल्या तेरला गेलेला माणूस शोधून दाखवा! मी आमच्या टीममध्ये विचारून पाहिलं. एकजण म्हणाला, "गोरा कुंभारांचं ना?" दुसऱ्याने विचारलं, "तेरेखोल म्हणायचंय का तुला?" बाकीचे मॉनिटरमधून बाहेरच आले नाहीत.

तर मंडळी, आजचा लेख या तेरबद्दल.

धाराशिव जिल्ह्यात (२०२३ पर्यंत ज्याला आपण उस्मानाबाद म्हणायचो तो) तेरणा नदीच्या काठावर हे गाव आहे. पुण्याहून सोलापूर हायवेने टेंभुर्णी, तिथून बार्शी, येडशी, धाराशिव, आणि पुढे विसेक किलोमीटर. गावात शिरताना विशेष काही जाणवत नाही. रस्त्याकडेला टपऱ्या, ट्रॅक्टर, मोबाइल रिचार्जच्या पाट्या, देवळाकडे जायची कमान. मराठवाड्यातलं कुठलंही मोठं गाव असावं तसं. आणि तरीही दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या एका व्यापाऱ्याने ज्या मोजक्या भारतीय शहरांची नावं आपल्या वहीत टिपली, त्यांत हे गाव होतं. त्याने गावाला विशेषणही लावलंय, 'फार मोठं शहर'.

वीस दिवस, मग दहा दिवस

या वहीचं नाव 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी'. काळ इसवी सनाचं पहिलं शतक. लेखकाचं नाव कुणालाच माहीत नाही. तो ग्रीकमध्ये लिहायचा, बहुधा इजिप्तमध्ये राहायचा आणि तांबड्या समुद्रातून भारतापर्यंतच्या बंदरांची त्याला खडान्‌खडा माहिती होती. पुस्तक वाचायला घेतलं तर काव्य वगैरे शोधू नका. कुठल्या बंदरात काय विकलं जातं, काय विकत घ्यावं, राजाला काय भेट द्यावी, कुठे खडक आहेत, कुठे भरती धोक्याची आहे, असा सगळा कोरडा मामला. आपल्या भाषेत सांगायचं तर नव्याने प्रोजेक्टवर येणाऱ्यासाठी लिहिलेलं हँडओव्हर डॉक्युमेंट!

त्यात तो सांगतो, की बॅरिगाझापासून (म्हणजे आजचं भरूच) दक्षिणेला वीस दिवसांच्या प्रवासावर पैठण आहे आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर 'तगर' नावाचं फार मोठं शहर आहे. पैठणहून ऑनिक्सचे दगड येतात. तगरहून साधं जाडंभरडं कापड खूप येतं, तलम कापडाचे नाना प्रकार येतात आणि 'मोलोखिना' नावाचं एक कापड येतं, ज्याचा नेमका अर्थ काय यावर पंडितांचे वाद आहेत. हा सगळा माल गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलखातून भरूचला नेला जातो.

इंजिनिअर माणूस असं काही वाचून गप्प बसू शकत नाही. मी नकाशा उघडला आणि सरळ रेषेत अंतरं मोजली. भरूच ते पैठण साधारण ३५० किलोमीटर. भागिले २०, म्हणजे दिवसाला साडेसतरा. पैठण ते तेर साधारण १५० किलोमीटर. भागिले १०, म्हणजे दिवसाला पंधरा. लादलेली बैलगाडी, मधे घाट, नद्या, आणि प्रत्यक्ष वाट रेषेपेक्षा लांब. हिशोब अगदी जमतो! दिशा तेवढी काटेकोर पूर्व नाही, आग्नेय आहे. पण किनाऱ्यावर बसून दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं लिहिणाऱ्या माणसाला एवढी सूट द्यायलाच हवी.

आता खरी गंमत पुढे आहे. तेरहून भरूच, पैठणमार्गे, सरळ रेषेत ५०० किलोमीटर पडतं. आणि कल्याण? साधारण ३३०. कल्याण तेव्हाही बंदर होतं. मग कुठला शहाणा व्यापारी दीडपट लांबचा पल्ला मारील?

याचं उत्तर पेरिप्लसमध्येच पुढच्या परिच्छेदात आहे. कल्याण पूर्वी रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण सत्ता बदलली आणि तिथला व्यापार बंद पाडला गेला, असं तो लिहितो. चुकून एखादं ग्रीक जहाज तिकडे गेलंच, तर पहारा बसवून ते भरूचला नेलं जाई. भरूच होतं क्षत्रपांकडे, पैठण-तगर सातवाहनांकडे. म्हणजे दोन राजांच्या भांडणात बंदराची नाकेबंदी झाली आणि तेरच्या गाडीवानांचा फेरा पावणेदोनशे किलोमीटरने वाढला. माल मात्र जातच राहिला. रोमन साम्राज्यात त्या कापडाला गिऱ्हाईक होतं ना!

या कापडाचं आज तेरमध्ये काहीही उरलेलं नाही. आपल्या पावसात आणि काळ्या मातीत सुती कापड किती टिकणार? भारतातून गेलेल्या सुती कापडाचे तुकडे सापडलेत ते तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके या इजिप्शियन बंदरात, कोरड्या वाळूमुळे. ते तेरचेच असं म्हणायला आधार नाही. पण ज्या मालाने गाव मोठं झालं, त्या मालाचा पुरावा गावात न मिळता चार हजार किलोमीटरवर मिळावा, हे मला फार चमत्कारिक वाटलं. आपणही दिवसरात्र खपून जे बनवतो त्यातलं हिंजवडीत काय उरणार आहे, असा विचार क्षणभर आला आणि मी तो झटकून टाकला :)

नाव हरवलं कसं, सापडलं कसं

पेरिप्लसनंतर टॉलेमीच्या भूगोलातही तगर आहे. पुढे कितीतरी शतकांनंतर तगरचं नाव एका वेगळ्याच ठिकाणी भेटतं. ठाण्याचे, दक्षिण कोकणातले आणि कोल्हापूरचे, असे शिलाहारांचे तिन्ही वंश आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेतात. श्रेष्ठ अशा तगर नगरीचे स्वामी! राज्य कोकणात नाहीतर कोल्हापुरात, आणि बिरुद तेरणाकाठच्या गावाचं. आमचे पूर्वज तिथून आले, असा त्यांचा दावा. लिंक्डइनवर लोक जुन्या मोठ्या कंपनीचं नाव कसं आयुष्यभर मिरवतात, त्यातलाच प्रकार. पण त्यातून एक गोष्ट कळते. रोमचा व्यापार आटून पाचसहाशे वर्षं झाल्यावरसुद्धा तगर या नावाला वजन होतं.

आणि मग एकोणिसाव्या शतकात इंग्रज व भारतीय विद्वान पेरिप्लस उघडून बसले तेव्हा तगर कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं! मग सुरू झाली शोधाशोध. कुणी म्हणालं देवगिरी. कुणी कोल्हापूर. भगवानलाल इंद्रजींसारख्या मोठ्या अभ्यासकाने जुन्नर सुचवलं. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी बीड जिल्ह्यातल्या धारूरकडे बोट दाखवलं. माझा मघाचा भागाकार इथे लावून बघा. देवगिरी पैठणच्या उत्तरेला, दहा दिवस लागायला फार जवळ. जुन्नर पश्चिमेला, दिशाच उलटी. धारूरची दिशा बरी, पण अंतर शंभराच्या आसपास, म्हणजे बैल रमतगमतच चालले पाहिजेत.

१९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट या शिलालेखतज्ज्ञाने हा वाद मिटवला. त्याने तेरकडे बोट दाखवलं, आणि अंतराइतकाच भर दिला नावावर. प्राकृतात दोन स्वरांच्या मधे सापडलेला 'ग' हळूहळू झिजून जातो. नगरचं नयर होतं आणि नयरचं नेर. जामनेर, अंमळनेर, पारनेर, संगमनेर ही नावं आपण रोज घेतो, त्यांत शेवटी नगरच लपलंय. त्याच नियमाने तगर, तयर, तेर. किती सोपं! कनकामर मुनींच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात धाराशिवच्या लेण्यांजवळचं गाव म्हणून 'तेरापूर' येतं, म्हणजे राजे ताम्रपटात संस्कृत 'तगर' कोरत होते त्याच सुमारास लोकांच्या तोंडात 'तेर' रुळलेलंसुद्धा होतं.

म्हणजे बघा, गाव कुठेही गेलं नव्हतं. गावातल्या माणसांनी नाव टाकलंही नव्हतं. रोज बोलून बोलून ते फक्त झिजलं होतं. फ्लीटच्या पाठोपाठ पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्सने इथे येऊन पाहणी केली आणि त्याला जे दिसलं त्याने उरलीसुरली शंकाही फिटली.

पांढर

गावाला पांढर किंवा पांढरी म्हणतात, ते का, याचा कधी विचार केलाय? शेती ती काळी, आणि वस्ती ती पांढरी. शेकडो वर्षं एकाच जागी माणसं राहिली, मातीच्या भिंती पडल्या, त्यावर नव्या उभ्या राहिल्या, चुलीतली राख साठली, की जमिनीचा रंग बदलतो आणि जागा उंचावत जाते. तेरला अशा पांढरीच्या टेकाडांची रांगच आहे. चढावर उभं राहून पायाखाली पाहिलं तर खापरंच खापरं. लाल, काळी, चकचकीत, जाडी, पातळ. एक आजोबा शेळ्या घेऊन चालले होते. मला वाकून बघताना पाहून थांबले.

"कुठनं आलाव?"

"पुण्याहून, काका."

"खापरं बघाया?" मग स्वतःच म्हणाले, "पाऊस पडून गेल्यावर यायचं. मणी वर येत्यात."

मणी वर येतात हे अगदी खरं. याच मण्यांतून इथलं वस्तुसंग्रहालय उभं राहिलंय. गावातलेच रामलिंगप्पा लामतुरे. त्यांना या वस्तूंचा नाद लागला. लोकांना नांगरताना, पाया खोदताना, पावसानंतर चालताना जे मिळेल ते त्यांनी वर्षानुवर्षं जमवलं, जपलं, आणि पुढे तो संग्रह सरकारला मिळाला. आज त्यांच्याच नावाने राज्य पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय तेरमध्ये आहे. सातवाहनांची नाणी, शंखाच्या बांगड्या, काचेचे आणि दगडाचे मणी, दिवे, शिक्के. आणि पांढऱ्या केओलिन मातीच्या बाहुल्या. या बाहुल्या दोन साच्यांत, पुढचा भाग वेगळा आणि मागचा वेगळा, काढून जोडलेल्या असतात आणि आतून पोकळ. केसांची ठेवण, कानातली कर्णफुलं इतकी बारीक आहेत, की दोन हजार वर्षांपूर्वीच्या तेरच्या बायका कशा नटत याचा अल्बमच समोर यावा. १९५८ साली इथे पद्धतशीर उत्खनन झालं, पुढेही काही वेळा झालं. विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. पण टेकाडांचा विस्तार पाहता खणलेला भाग कमीच म्हणायचा.

गावात त्रिविक्रमाचं देऊळ आहे. पुण्याच्या माणसाला ते समजावून सांगायची सोपी युक्ती म्हणजे, कार्ल्याचं चैत्यगृह डोंगरातून उपटा, लहान करा आणि विटांनी बांधून सपाटीवर ठेवा. दर्शनी भागावर तीच घोड्याच्या नालेसारखी कमान, वर गजपृष्ठ म्हणजे हत्तीच्या पाठीसारखं गोल छत, मागची बाजू अर्धवर्तुळाकार. पुढचा सपाट छताचा मंडप नंतरचा. मूळ वास्तू चौथ्या ते सहाव्या शतकाच्या दरम्यानची मानतात. आधी बौद्ध चैत्य होतं आणि मग वैष्णव मंदिर झालं, असं कझिन्सचं मत. यावर आजही चर्चा होते. वाद काहीही असो, आपल्या लेण्या ज्या बांधीव इमारतींवरून कोरल्या, त्या इमारती बहुतेक सगळ्या नाहीशा झाल्या. त्या जातीची उभी असलेली अगदी मोजकी उदाहरणं देशात उरलीत, आणि त्यातलं एक इथे आहे. आत बळीच्या डोक्यावर पाय देणारा त्रिविक्रम. मी गेलो तेव्हा गाभाऱ्यात दिवा होता, ताजी फुलं होती आणि दोन पोरं पायरीवर मोबाइलवर गेम खेळत बसली होती.

दोन हस्तिदंती बाया

१९३८ साली इटलीत पाँपेईच्या एका घरात हस्तिदंताची एक मूर्ती सापडली. साधारण २४ सेंटीमीटर उंच, अंगभर दागिने ल्यालेली स्त्री, दोन बाजूंना दोन छोट्या सेविका. तिच्या डोक्यातून भोक आहे, म्हणजे ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या फर्निचरचा भाग. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि ती राखेखाली गेली. आता ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे आणि ज्या घरात ती मिळाली त्याला 'भारतीय मूर्तीचं घर' असंच म्हणतात. सुरुवातीला तिला लक्ष्मी ठरवलं गेलं, मथुरेची म्हटलं गेलं. पण तिच्या घडणीशी फार जवळचं नातं सांगणारी हस्तिदंती स्त्रीमूर्ती तेरच्या संग्रहात आहे, आणि तशाच एका मूर्तीचा तुकडा जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाला आहे. त्यामुळे पाँपेईची ही बाई आपल्या दख्खनची असावी, असं आता अनेक अभ्यासकांना वाटतं.

तेरचं मला जे सांगायचंय ते इथे आहे. पाँपेई बघायला जगभरातून दरवर्षी लाखो लोक जातात. का? कारण ते शहर एका दिवसात मेलं. भट्टीतले पाव, भिंतींवरच्या जाहिराती, दारातला साखळीला बांधलेला कुत्रा, सगळं त्या दिवशी जसं होतं तसं गोठलं. तगरचं तसं काही झालं नाही. सातवाहन गेले, रोमचा व्यापार आटला, माल नेणाऱ्या गाड्या कमी झाल्या, आणि शहर आकसत गेलं. पण माणसं उठून गेली नाहीत. त्यांनी जुन्या विटा उकरून नव्या भिंती बांधल्या. चैत्यगृहात विष्णू आला. उत्तरेश्वराचं विटांचं देऊळ झालं, जैनांचं मंदिर झालं. रोमला कापड पाठवणारं गाव पंचक्रोशीला मडकी आणि धान्य पुरवणारं गाव झालं. ते जगत राहिलं, म्हणून त्याच्यात बघण्यासारखं कमी उरलं. मेलेल्या शहराला तिकीट लावता येतं. जित्या गावात लोकांना घर बांधायचं असतं, विहीर खणायची असते, पांढरीची माती धाब्यावर टाकायला आणि शेतात पसरायला हवी असते.

आणि अडचणही हीच आहे. पांढरीची माती खत म्हणून नेणं ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पूर्वी पाटीने न्यायचे तेव्हा दोन पिढ्यांत जेवढी माती हलायची, तेवढी जेसीबी एका दुपारी हलवतो. शेतकऱ्याला दोष देऊन काय होणार? पुण्यात आपण बिल्डिंगचा पाया खणताना खाली काय निघालं ते कधी विचारतो का? पण टेकाडाचा एकेक थर म्हणजे एकेका पिढीची नोंद आहे, आणि तिचा बॅकअप कुठेही नाही. मणी हातात आला तरी तो कुठल्या थरातून आला हे एकदा गेलं की ती माहिती कायमची गेली.

तेरचे सगळ्यांना ठाऊक असलेले रहिवासी म्हणजे संत गोरोबाकाका. नामदेव-ज्ञानदेवांच्या काळातले, पेशाने कुंभार. त्यांची समाधी तेरणेच्या काठावर आहे आणि चैत्रात मोठी यात्रा भरते. थापटण्याने संतांची डोकी ठोकून कोणतं मडकं पक्कं आणि कोणतं कच्चं हे सांगितल्याची, नामदेवांना कच्चं ठरवल्याची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. सातवाहनकाळी साच्यातून बाहुल्या काढणाऱ्या कारागिरांचं हे गाव, आणि हजारएक वर्षांनी त्याच गावात महाराष्ट्राचा सगळ्यात प्रसिद्ध कुंभार व्हावा, याला योगायोग म्हणा हवं तर. पण तेरणेकाठची माती तर तीच होती. समाधीपाशी बसलेल्या वारकऱ्यांना तगर माहीत नसेल, पेरिप्लस तर नाहीच नाही. तरी गावाची ओळख मधल्या काळात पुसली गेली नाही ती त्यांच्यामुळे. राजे बिरुद घेऊन संपले, यात्रा चालू आहे.

तेव्हा पुढच्या खेपेला तुळजापूरला जाल तेव्हा अर्धा दिवस जास्त काढा. आधी त्रिविक्रम बघा, मग वस्तुसंग्रहालय, मग गोरोबाकाकांची समाधी. सरकारी सुट्टी असेल तर संग्रहालय उघडं आहे का तेवढं आधी विचारून घ्या. सोबत मुलं असतील तर त्यांना पाँपेईच्या बाईचा फोटो आधी दाखवून ठेवा. आणि टेकाडावर खापर दिसलं, मणी दिसला, तर हातात घ्या, बघा, फोटो काढा, आणि होता तिथेच परत ठेवा.